मेकॅनिकल इंजिनीअरने सीएफए लेव्हल १ ची तयारी कुठून सुरू करावी?

सीएफए म्हणजे गुंतवणूक-विश्लेषणाची, सीएफए इन्स्टिट्यूट घेते ती परीक्षा. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात नोकरी, शिक्षण मेकॅनिकल, कॉमर्सचा गंध नाही, हातात सहा महिने आहेत, गणित पक्कं आहे म्हणून क्वांटपासून (गणित-सांख्यिकीच्या विषयापासून) सुरुवात करू का?

क्वांटपासून नको, फायनान्शियल स्टेटमेंट ॲनालिसिसपासून (कंपनीची हिशेबपत्रकं तपासण्यापासून) करा. क्वांट सोपं जातं म्हणून इंजिनीअर तिथेच रमतो, आणि महिना कधी सरला ते कळत नाही. त्याचं वजन फक्त ६ ते ९ टक्के आहे. स्टेटमेंट ॲनालिसिस ११ ते १४ टक्के, एथिक्स (व्यावसायिक आचारनीती) १५ ते २० टक्के. पेपर जातो तो या दोन विषयांत. कारण इथे सूत्र मांडून उत्तर निघत नाही, नियम माहीत असावा लागतो.

समजा, शॉप फ्लोअरवर १० लाखांचं मशीन आलं. आयुष्य ५ वर्षं, भंगाराची किंमत शून्य. ते मालमत्ता म्हणून दाखवलं तर पहिल्या वर्षी नफ्यातून घसाऱ्याचे २ लाखच जातात. सगळा खर्च एकदम टाकला तर १० लाख. पैसे दोन्हीकडे तेवढेच गेले. पण पहिल्या पद्धतीत ते इन्व्हेस्टिंग (गुंतवणुकीच्या) कॅश फ्लोमध्ये बसतात, दुसरीत ऑपरेटिंगमध्ये (रोजच्या धंद्याच्या). म्हणून, कर बाजूला ठेवला तर, पहिल्या पद्धतीत ऑपरेटिंग कॅश फ्लो १० लाखांनी जास्त दिसतो. पुढची चार वर्षं नफ्याचं चित्र उलटतं. हे एकदा कागदावर पाचही वर्षांचं मांडून बघा, चार-पाच प्रश्नप्रकार एकदम सुटतात. परीक्षेत आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय लेखा-मानकं) आणि यूएस गॅप (अमेरिकी लेखा-नियम) यांतले फरक विचारतात, ते वेगळ्या पानावर लिहून ठेवा. उदाहरणार्थ, लिफो (शेवटी आलेला माल आधी खपला असं धरणं) यूएस गॅपमध्ये चालतं, आयएफआरएसमध्ये नाही. सरावासाठी भारतीय कंपनीचा वार्षिक अहवाल जरूर वाचा, पण एक सांभाळा: आपल्याकडे उत्पादन कंपनीने भरलेलं व्याज फायनान्सिंग (कर्ज-भांडवलाच्या) कॅश फ्लोमध्ये दिसतं, यूएस गॅपमध्ये ते ऑपरेटिंगमध्ये जातं.

कॅल्क्युलेटर पहिल्याच आठवड्यात घ्या. इंजिनीअरिंगचा सायंटिफिक परीक्षेत चालत नाही; टेक्सासचा बीए टू प्लस किंवा एचपी १२सी हेच चालतात. बीए टू प्लसची मूळ सेटिंग इंजिनीअरला हमखास फसवते: २ + ३ × ४ दाबलं की उत्तर २० येतं, कारण तो क्रमाने जातो. फॉरमॅटमध्ये जाऊन सीएचएनचं (क्रमाने जाणं) एओएस (आधी गुणाकार-भागाकार) करा, मग १४ येईल. दशांश स्थळंही २ वरून वाढवा. पी/वाय (वर्षाला किती हप्ते) १ आहे ना, तेही बघा. मग हे रोख्याचं (बाँडचं) गणित करा: १,००० दर्शनी किंमत, ८ टक्के वार्षिक कूपन (व्याज), ५ वर्षं, यील्ड (बाजाराला हवा तो परतावा) १० टक्के. किंमत उणे ९२४.१८ यायला हवी. ९५४.५१ आली तर बीजीएन मोड (हप्ता वर्षाच्या सुरुवातीला धरणारा) चालू राहिलाय. पीव्ही (आजची किंमत) आणि एफव्ही (शेवटी मिळणारी रक्कम) दोन्ही अधिक चिन्हाने टाकून यील्ड काढलं तर बऱ्याचदा एरर ५ दिसतो. मशीन बिघडलेलं नसतं, दिलेल्या पैशाला उणे चिन्ह द्यायचं राहिलेलं असतं.

फिक्स्ड इन्कम (रोख्यांचा विषय) तुम्हाला जड जाणार नाही. मॉडिफाइड ड्युरेशन म्हणजे किंमत-यील्ड वक्राचा उतार भागिले किंमत (उणे चिन्ह सोडून), कन्व्हेक्सिटी म्हणजे दुसरं अवकलज, तेही भागिले किंमत. ड्युरेशन ४.२ असताना यील्ड अर्धा टक्का चढलं तर किंमत साधारण २.१ टक्के उतरते. डेरिव्हेटिव्हसाठी निफाडच्या द्राक्ष निर्यातदाराचा विचार करा: पैसे युरोत तीन महिन्यांनी येणार, त्याने फॉरवर्ड (आज ठरलेल्या दराने पुढे युरो विकण्याचा करार) आज विकला. कोणाला कशाची भीती आहे हे कळलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

एथिक्स मात्र वाचूनच येतं, तेही दोनदा: एकदा मध्यावर, एकदा शेवटच्या तीन आठवड्यांत. बंधनकारक काय आणि नुसती शिफारस काय, याच फटीत प्रश्न असतात. स्थानिक कायदा आणि सीएफए इन्स्टिट्यूटची मानकं यांत जे कडक असेल ते पाळायचं, हे धरून चाला.

सीएफए इन्स्टिट्यूट अभ्यासाला सुमारे ३०० तास सांगते. २४ आठवड्यांत म्हणजे आठवड्याला साडेबारा. शिफ्ट असेल तर रोज दीड तास आणि रविवारी साडेतीन धरा. स्टेटमेंट ॲनालिसिसला पहिले पाच आठवडे द्या, क्वांटला दोन पुरेत. पण हायपोथिसिस टेस्टिंगची (गृहीतक तपासण्याची) भाषा नीट वाचा.

शेवटचे चार आठवडे मॉकचे (सराव परीक्षांचे). दर रविवारी कॉलेज रोडच्या एखाद्या अभ्यासिकेत बसून दोन्ही सत्रं एकाच दिवशी सोडवा: प्रत्येकी ९० प्रश्न, १३५ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. चुकलेल्या प्रश्नासमोर कारण लिहा: नियम माहीत नव्हता, आकडा चुकला, की प्रश्नच घाईत वाचला. आणि प्रॅक्टिकल स्किल्स मॉड्यूल (परीक्षेसोबतचा कौशल्यांचा धडा) परीक्षेच्या आधीच उरकून टाका, ते अपुरं राहिलं तर निकाल अडकतो.