साप वाढतोय, पेटी केवढी घ्यावी?

प्रश्न : ताई, आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. माझ्या बारा वर्षांच्या मुलाने हट्टाने कॉर्न स्नेक, म्हणजे अमेरिकेतला एक बिनविषारी साप, पाळलाय. आणला तेव्हा जेमतेम वीतभर होता, आता दीड वर्षाचा झालाय. परवा टाकलेली कात मोजली तर १०८ सेंटिमीटर भरली! पेटी मात्र तीच, ६० सेंटिमीटरची. ज्यांच्याकडून घेतला ते म्हणतात, पेटी लहान ठेवली की साप लहानच राहतो, आणि मोठ्या पेटीत तो घाबरून खाणं सोडतो. मुलगा म्हणतो, मोठी घेऊ या. कोणाचं ऐकू?
– रेडिंगहून एक आई

उत्तर : मुलाचं ऐका. पेटी बघून साप वाढायचा थांबत नाही, तो वाढतो खाण्यावर आणि उबेवर. लहान पेटीत ठेवलात तरी लांबी वाढतच राहील, फक्त अंग सरळ करायला जागा उरणार नाही.

आधी माप. कात १०८ भरली म्हणून साप तेवढा नाही. कात निघताना ताणली जाते, त्यामुळे ती सापाहून लांबच भरते. तुमचा साप नव्वदच्या आसपास असावा. त्याला ओढून सरळ करू नका. तो पसरलेला असताना शेजारी पट्टी ठेवून वरून फोटो काढा, फोटोतल्या पाठीच्या वळणांवर दोरा लावा आणि पट्टीवरून हिशेब करा. मुलाला हे काम आवडेल.

माझ्या पहिल्या कॉर्न स्नेकला मी जवळजवळ दोन वर्षं अशाच पेटीत ठेवलं होतं. दिवसभर गप्प बसायचा, मला वाटायचं सुखात आहे. एका रात्री पाणी प्यायला उठले तर तो काचेला नाक घासत कोपऱ्यापर्यंत जात होता, वळत होता, पुन्हा तेच. सकाळी उजेडात पाहिलं तर नाकाच्या टोकाचा खवला सोलवटून गुलाबी झाला होता. त्याची खंत मला अजून आहे. हे साप रात्री फिरतात, आणि आपण त्यांना बघतो दिवसा.

इंग्लंडमधल्याच लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉर्न स्नेकना लहान आणि मोठ्या पेट्यांत ठेवून पाहिलं. २०२१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. निवड त्यांच्यावर सोडली तेव्हा, विशेषतः जागे असताना, साप मोठ्या पेटीत जात.

तेव्हा पेटीची लांबी सापाच्या लांबीपेक्षा कमी नको, एवढं धरून चाला. पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक साधारण १२० सेंटिमीटरचा होतो, काही दीडशेपर्यंत जातात. मधलं माप घेऊन दोनदा खर्च करू नका. आत्ताच १२० लांब, ६० रुंद, ६० उंच अशी लाकडी पेटी घ्या. पुढे तो तिच्याहून लांब झाला तर आणखी मोठी घ्यावी लागेल. उंची वाया जात नाही, हा साप चांगला चढतो. शिवाय लाकूड ऊब धरतं, तुमच्याकडच्या हिवाळ्यात ते महत्त्वाचं. एका टोकाला ३० अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २२ ते २४. उबेच्या दिव्याला थर्मोस्टॅट, म्हणजे ऊब ठरावीक अंशांवर राखणारं यंत्र, हवाच, नाहीतर साप भाजतो.

मोठ्या पेटीत साप खात नाही, या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण त्याला भीती मोकळेपणाची वाटते, मोठेपणाची नाही. चार भिंती आणि मधोमध पाण्याचं भांडं अशी पेटी दिलीत तर तो बिचकेलच. उबेच्या टोकाला एक आणि थंड टोकाला एक, अशा दोन दडायच्या जागा हव्यात, आणि त्या अंगाला घट्ट बसणाऱ्या : वेटोळं घातल्यावर पाठ चहूबाजूंनी टेकली पाहिजे. मधल्या भागात झाडाच्या सालीचे तुकडे, फांद्या, प्लास्टिकची पानं इतकी भरा, की या टोकापासून त्या टोकापर्यंत तो उघड्यावर न येता जाईल.

जुन्या पेटीतली दडण आणि मूठभर भुसा न धुता नव्या पेटीत टाका, त्याला स्वतःचा वास मिळेल. खाल्ल्यावर दोन दिवस तरी त्याला हलवू नका. हलवल्यावर आठवडाभर हातात घ्यायचं नाही, मग नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या. नाही खाल्ला तर काढून टाका, आठवड्याने पुन्हा द्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर पंधरवड्याला वजन करून वहीत लिहा. वजन उतरत गेलं, तर सापांच्या डॉक्टरांकडे न्या.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक कळकळीची विनंती. कॉर्न स्नेक अमेरिकेचा, आपल्या धामणीच्याच कुळातला. म्हणून कुणी शेतातली धामण पेटीत ठेवायला जाऊ नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आपले साप पाळता येत नाहीत, आणि धामण शेतातच असायला हवी.

रेडिंगच्या ताई, पेटी घेताना सरकत्या काचांमधली फट नक्की बघा. डोकं शिरलं की अख्खा साप बाहेर येतो. कुलूप लावा, आणि फटीत पारदर्शक पट्टी बसवून मगच त्याला आत सोडा.