बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात बांधावरून चुलतभावाने मारलं, केस कोर्टात आहे. समोरासमोर बसून मिटवता येईल का?

येईल, पण आधी एफआयआरमधलं कलम बघा. हाताबुक्क्यांची साधी मारहाण, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं 115(2) असेल, तर मार खाल्लेला माणूस स्वतः तडजोड करू शकतो आणि आरोपी निर्दोष सुटतो. विळा-कोयता चालला असेल तर 118(1) लागतं. ते तडजोडीत बसत नाही. मग कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे खटला रद्द करण्याचा अर्ज, तोही कोर्टाला पटला तर.

गावच्या पंचांपुढे मिटलं म्हणून केस संपत नाही, तारखा चालूच राहतात. कोर्टाला सांगून प्रकरण मध्यस्थाकडे किंवा लोकअदालतीत पाठवून घ्या.

कॅनडात 1974 मध्ये तोडफोड करणाऱ्या दोन पोरांना नुकसान झालेल्यांच्या घरोघरी पाठवलं होतं, तिथून ही समोरासमोरची पद्धत रुजली. आपल्याकडे बहुतेकदा "जाऊ दे, भावकी आहे" म्हणत नुसती सही घेतात! तुम्ही तसं करू नका. दवाखान्याचा खर्च, बांधाची सरकारी मोजणी आणि त्याने तोंडाने मागितलेली माफी, सगळं आधी ठरवा. तडजोडीचा अर्ज बहुधा कन्नडमध्ये असेल. वकिलाकडून ओळ न् ओळ मराठीत ऐकल्याशिवाय सही नको.