आजीबद्दल लिहायला बसलं की ‘प्रेमळ, कष्टाळू’च्या पुढे जाता येत नाही. तुम्ही तुमच्या आजीबद्दल काय सांगाल?

तुमची आजी नुकतीच गेली आणि तिच्यावर पानभर लिहायचं काम घरच्यांनी तुमच्यावर टाकलंय, असं प्रश्नाखाली वाचलं. मी तुमच्या जागी असते तर आधी तिची एखादी वस्तू समोर घेऊन बसले असते. माझ्या आजीची एक वही आमच्याकडे आहे, म्हणून हे सुचलं. बाकी ‘प्रेमळ’ म्हणाल तर, हा शब्द ऐकून आमच्या आजीने मागे वळून पाहिलं असतं, कोणाबद्दल चाललंय म्हणून.

तिला सगळे ‘बाय’ म्हणायचे. मालवणकडची. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली ती दहा बाय बाराच्या खोलीत. आबा गिरणीत साचेवाला. एका पगारात भागेना तेव्हा बायने खाणावळ घातली. गावाकडून एकटे आलेले गिरणीवाले तिच्याकडे महिन्याच्या हिशेबाने जेवत. बावीस जण, तीन पाळ्या, त्यामुळे पंगती उठायच्या त्या भोंग्याच्या तालावर. सोमवारी आणि गुरुवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, एरवी बांगड्याचं तिखलं आणि भात. कोणाचा खाडा झाला तर तेवढे पैसे वजा. बायला लिहिता येत नव्हतं, म्हणून खाडे ती दारामागच्या भिंतीवर कोळशाने ओढायची आणि शाळेतून आल्यावर बाबा ते वहीत उतरवायचे.

धान्यवाल्याची उधारी आणि त्यावरचं व्याज हे तेव्हाच्या प्रत्येक खाणावळवालीचं दुखणं होतं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यातून गिरणगावातल्या या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळायला लागलं. शेजारणीबरोबर बायही गेली. पण अंगठा लावणार नाही म्हणून अडून बसली. आठ दिवस पाटीवर सही गिरवली, मगच कागदाला हात लावला. आयुष्यभर तिला तेवढंच लिहिता आलं, स्वतःचं नाव.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पगार थांबले, पण पोटं थोडीच थांबतात? चाळीतल्या एका खाणावळवालीने सरळ चूल बंद केली. त्यात तिचं चुकलं असं मला वाटत नाही, तिच्या पदरात चार पोरं होती. बायने मात्र चूल चालू ठेवली. ‘उपाशी माणूस घोषणा खंयसून देतलो?’ म्हणाली. पाटल्या गहाण गेल्या. मटण बंद झालं, मग मासे, शेवटी कुळथाची पिठी आणि भात. जेवणारे एकेक करून गावी परतायला लागले. जाणाऱ्याला ती एवढंच सांगायची, ‘जातंस तर जा, पण जेवन जा.’ आणि तो जिना उतरला की बाबांना हाक मारून त्याची बाकी वहीत लिहायला लावायची. म्हणजे दानधर्म वगैरे काही नव्हतं हो. उधार ते उधार.

आबांचं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते स्वतः त्याबद्दल कधी बोलले नाहीत. गिरणीत ते परत गेलेच नाहीत. दोन वर्षं खिडकीत बसून होते. एका सकाळी बायने त्यांच्यापुढे पाच किलो कांदे आणि विळी ठेवली आणि ती बाजारात निघून गेली. त्या दिवसापासून खाणावळीतला कांदा आबांचा. संप आजवर अधिकृतपणे मागे घेतलेलाच नाही, हे मी कॉलेजात वाचून तिला सांगितलं तर म्हणाली, ‘मगे तुझो आजो अजून संपारच आसा.’

खरी गंमत पुढे आहे. दर मे महिन्यात बाय परळहून एसटी धरून गावी जायची आणि पिशवीत वही घेऊन जायची. कोकण रेल्वे नव्हती, रात्रभराचा प्रवास. तिथे पोचली की बाबांना बरोबर घेऊन वाडीवाडीत फिरायची, संपात गावी परतलेल्यांच्या घरी. आकडे तिला पाठ, वही फक्त समोरच्याला दाखवायला. रोख फार थोड्यांकडे होते. कोणी आमसुलं दिली, कोणी काजू, एकाने फणस आणि वर कोंबडा. बाय मनातल्या मनात किंमत करायची आणि बाबांना सांगायची, खोड. एका घरी गेले तर माणूस वारलेला, बायको अंगणात गोवऱ्या थापत होती. बायने पाणी मागितलं, पाणी प्यायली, मुलांची चौकशी केली. वही पिशवीतून निघालीच नाही. वाटेत बाबांना म्हणाली, खोड. असं सात-आठ वर्षं चाललं.

ती सगळ्यांशी सारखी वागली असंही नाही. माझ्या जन्मानंतर आईला नोकरी सोडायची होती. बायने सोडू दिली नाही. ‘पोर मी बघतंय, तू ऑफिसात जा.’ लोक याचं कौतुक करतात. आई मात्र अजून म्हणते, मला कोणी विचारलं? दोघी त्यावरून वर्षभर कामापुरतंच बोलत होत्या. तुम्हीही लिहाल तेव्हा असलं काही गाळू नका.

चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा बाय चौदाव्या मजल्यावर आली. दिवसभर दार सताड उघडं. वॉचमन तीनदा सांगून गेला, तिसऱ्यांदा जेवूनच गेला.

ती २०१४ मध्ये गेली. वहीत सगळी नावं खोडलेली आहेत, एक सोडून. त्या माणसाने संपानंतर वर्षभरातच टीव्ही घेतला आणि बायला पैसे नाहीत म्हणून सांगितलं. त्याच्या दारात ती परत गेली नाही आणि नाव खोडूही दिलं नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो. रिक्षा त्याच्या घरावरून गेली. आता दुमजली स्लॅब आहे, गेटवर बोगनवेल. बाबा इतका वेळ आंब्यांच्या भावाबद्दल बोलत होते. ते थांबले, त्या घराकडे बघत पुटपुटले, ‘११४ रुपये,’ आणि पुन्हा आंब्यांवर आले.