ओंटॅरिओत घरी लावलेल्या गांजाच्या रोपांची पानं पिवळी पडताहेत. सेंद्रिय माती कोणती घ्यावी आणि पाणी किती घालावं?

तुम्ही लिहिलंय की ब्रॅम्प्टनच्या घरात तळघरात दिव्याखाली चार रोपं आहेत, तीन आठवड्यांची, आणि ती थेट 20 लिटरच्या कुंड्यांत लावलीत. ‘ऑरगॅनिक’ लिहिलेली मातीची पिशवी आणली, रोज सकाळी पाणी घालता, तरी खालची पानं पिवळी पडून रोपांनी माना टाकल्यात. माती बदलू का, असं विचारलंय. आज लगेच बदलू नका. आधी पाणी थांबवा.

मी किचनरला राहते आणि 2019 पासून दर वर्षी ही झाडं लावते. पहिल्या वर्षी माझीही रोपं अशीच दिसत होती. आपण माणसं कुंडीला रोज पाणी घालायच्या सवयीत वाढलो. पुण्यातल्या एप्रिलच्या गच्चीवर ते चालतं. इथल्या तळघरात ना ऊन ना वारा, आणि खाली थंडगार काँक्रीट. घातलेलं पाणी जायला जागाच नसते. अंगठ्याएवढं रोप 20 लिटर मातीतलं पाणी पिणार तरी किती? माती चिंब राहते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. मुळं गुदमरली की भोवती खत असूनही ती उचलू शकत नाहीत. वर पान पिवळं दिसतं आणि आपल्याला वाटतं, रोप उपाशी आहे.

पानाला हात लावून बघा. पाणी जास्त झालेलं पान देठापासून खाली वाकतं, पण बोटांना जाड, भरलेलं लागतं. तहानलेलं पान कागदासारखं पातळ, लुळं पडतं. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून मला पहिला प्रकार वाटतो. मातीच्या वर बारीक काळी चिलटं उडत असतील तर शंकाच नको, ती कायम ओल्या राहणाऱ्या मातीतच अंडी घालतात.

माझे वडील जुन्नरकडचे शेतकरी. पाऊस झाला की लगेच पेरणी नाही. ते रानात जाऊन मूठभर माती उचलायचे, आवळायचे आणि मूठ उघडून त्या गोळ्याला बोटाने टिचकी मारायचे. गोळा झाला आणि टिचकीसरशी फुटला, तर वाफसा आला. बोटाला चिकटला, तर थांबायचं. कुंडीलाही हेच लागू आहे, आणि मला आजवर यापेक्षा चांगलं माप मिळालेलं नाही. वरचं बोटभर खोल उकरा, तिथली माती मुठीत दाबा. पाण्याचा थेंब निघाला किंवा बोटं माखली तर झारीला हात लावू नका. वाफसा ओलांडून माती सुटी, फिकट व्हायला लागली की मग पाणी. दुसरी खूण वजनाची: पाणी घातल्यावर लगेच कुंडी उचलून बघा, मग रोज एकदा उचला. चार-पाच दिवसांत हाताला बरोबर कळायला लागतं.

आता मातीबद्दल. इथल्या दुकानात ‘ब्लॅक अर्थ’, ‘टॉपसॉइल’, ‘गार्डन सॉइल’ अशा स्वस्त पिशव्या असतात. ती जमिनीत मिसळायची माती आहे. कुंडीत दोन महिन्यांत ती शाडूसारखी घट्ट बसते. तुमच्या पिशवीवर यातलं काही असेल तर मात्र रोपं सावरल्यावर माती बदलावी लागेल. कुंडीसाठी ‘पॉटिंग मिक्स’च घ्या. आणि नुसत्या ‘ऑरगॅनिक’ शब्दावर जाऊ नका. पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेलं शेवाळ, हाच मुळात सेंद्रिय पदार्थ, त्यामुळे तो शब्द कुठल्याही पिशवीवर छापलेला दिसतो. मागच्या बाजूला काय काय घातलंय ते वाचा. ‘सहा महिने खत पुरवते’ असं लिहून आत रंगीत गोळ्या असतील तर ती परत ठेवा. ते रासायनिक खत हळूहळू सुटत राहतं आणि झाडाला फुलोऱ्यात नको तेव्हाही नायट्रोजन देत राहतं.

मी स्वतः मिसळते: एक भाग पीट मॉस, एक भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे), एक भाग गांडूळखत आणि चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिळून. पीट आंबट असतं, म्हणून त्यात थोडा डोलोमाइट चुना. मातीचा सामू (pH) 6 ते 7 च्या मधे राहिला की झालं. परलाइट आधी ओलं करून घ्या, त्याची धूळ छातीत जाते. कंपोस्टला नाक लावा: पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास हवा, अमोनियाचा भपका आला तर ते कच्चं आहे, कोवळी मुळं जाळेल. माझं ठाम मत आहे की माती निवडताना खताआधी हवा बघावी. खत नंतर वरून देता येतं, फुलोरा सुरू होताना दोन मुठी गांडूळखत पसरलं तरी पुरतं. घट्ट बसलेल्या मातीत मागाहून हवा घालता येत नाही.

पीटची एक खोड सांगून ठेवते. ते पूर्ण वाळलं की पाणी धरतच नाही. वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली उतरतं, थाळी भरते आणि मधला गोळा कोरडाच. म्हणून पाणी थांबवा म्हणजे कोरडं ठणठणीत करा असं नाही. तसं झालंच तर कोमट पाणी थोडं थोडं, मधे वीस मिनिटं थांबत घाला.

तुमच्या रोपांना पुढचं पाणी द्याल तेव्हा खोडापासून चार बोटं लांब, गोल रिंगण करून पाव लिटरच द्या. पुढच्या वेळी रिंगण थोडं मोठं. मुळं पाण्याच्या मागे पसरतात. झाड कुंडीभर झालं की 20 लिटरच्या कुंडीला एका वेळी लिटर-दीड लिटर, खाली दोन-चार थेंब येईपर्यंत. थाळीतलं पाणी ओतून टाका. कुंड्यांखाली लाकडी फळी ठेवा, काँक्रीटचा गारठा मुळांना बाधतो. पुढच्या खेपेला बी आधी छोट्या कपात, मग चार लिटरमध्ये, मग मोठ्या कुंडीत, असं न्या.

पाणी कुठलं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं. आमच्या वॉटर्लू भागात बरंचसं पाणी विहिरींचं, फार जड (क्षारांचं), म्हणून घरोघरी ते क्षार काढणारं, मिठावर चालणारं सॉफ्टनर यंत्र. मी तेच पाणी घालत होते. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. पानांच्या कडा करपायला लागल्या, आणि मी अजून खत घालत गेले! शेवटी अंगणातल्या, सॉफ्टनरला न जोडलेल्या नळाचं पाणी सुरू केलं, तेव्हा नवी पानं नीट आली. तुमच्याकडे तळ्याचं पाणी येतं, तरी घरात सॉफ्टनर आहे का बघा. रात्रभर बादलीत ठेवून क्लोरीन उडतं. टोरांटोसारखं क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते उडत नाही, पण माझ्या मैत्रिणीची झाडं तिथल्या नळाच्या पाण्यावर छान आहेत.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून एका घराला चार झाडं चालतात, माणशी चार नव्हे, आणि ओंटॅरिओत वय 19 पूर्ण हवं. क्वेबेकमध्ये घरी लावायला बंदी आहे. भाड्याचं घर असेल तर करारात बघा. घरात मुलं असतील तर खोलीला कुलूप हवंच. भारतात 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याने ही लागवड गुन्हा आहे, तिकडच्या कुणी हे करून बघू नये, आणि इथून तिकडे काहीही नेऊ नये, बीसुद्धा नाही.

पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघत बसू नका. शेंड्याकडे बघा. आठवडाभरात तिथून ताठ, हिरवं पान निघालं तर मुळं सावरली. नाही निघालं तर रोप अलगद उपसून मुळांचा रंग बघा, पांढरा की तपकिरी, आणि इथेच लिहा.