रजिस्टर भरून हात धुतले जातात का?

प्रश्न: मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात इनचार्ज सिस्टर आहे. हात धुण्याचं ट्रेनिंग झालं, पोस्टर लावले, रजिस्टर पण भरतो, तरी कोणी नीट धुवत नाही. क्वालिटीवाले म्हणतात पीडीएसए करा. म्हणजे अजून एक फाईलच ना?

उत्तर: ताई, फाईल झाली की समजा वाया गेलं. पीडीएसए म्हणजे ठरवा, करून बघा, मोजा, मग बदला, आणि तेही अख्ख्या हॉस्पिटलला नाही, एका वॉर्डात एका शिफ्टपुरतं. आधी ओरडू नका, कारण शोधा... नळाला पाणी असतं का, सॅनिटायझर बेडपासून किती लांब, साबण संपला की स्टोअरमधून कधी येतो. बऱ्याचदा माणसं आळशी नसतात, सोय नसते. मग बेडलाच बाटली अडकवा, आणि पेशंटला हात लावायच्या दहा वेळांपैकी किती वेळा हात साफ केले ते मोजून भिंतीवर ग्राफ काढा, पण नावं लिहू नका, नाहीतर आकडे एकदम सुंदर येतील (खरे नसतील एवढंच).

अमेरिकेत मिशिगनच्या शंभरच्या आसपास आयसीयूंनी सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकताना पाच साध्या गोष्टी नेमाने केल्या, हात धुणं त्यातलंच. सामान एकाच ट्रॉलीत ठेवलं आणि डॉक्टर पायरी चुकले तर थांबवायचा अधिकार नर्सला दिला. 2006 ला छापलेल्या अभ्यासात लाईनच्या इन्फेक्शनचा मध्यक दर (सगळ्या आयसीयूंचे दर क्रमाने लावले की मधोमध येतो तो) हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस) 2.7 वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. असा अधिकार आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून सुरू करायच्या आधी सुपरिटेंडेंट साहेबांशी बोलून घ्या, सगळ्या डॉक्टरांसमोर.