फोटो दिसायला झकास, मग रिजेक्ट का करालेत?

प्रश्न : सर नमस्कार. मी खानापूरचा. पावसात गोकाकचा धबधबा, हलशीचं देऊळ, जांबोटीकडचं रान असे फोटो काढून एका स्टॉक साइटवर (जिथं फोटो विकायला ठेवतात) टाकालो. इन्स्टावर त्याच फोटोंना लोक भरभरून लाईक करालेत, पण साइटवाले दरवेळी 'नॉईज', 'आर्टिफॅक्ट्स', नाहीतर 'आउट ऑफ फोकस' एवढं एका ओळीत लिहून परत पाठवालेत. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, सोबत मिळालेली किट लेन्स. नवीन लेन्स घेऊ का, की आमच्या भागातले फोटोच त्यांना नको आहेत?

उत्तर : लेन्सचे पैसे आधी खिशातच राहू देत. आणि भागाचा काही संबंध नाही ओ, हे रिजेक्शन फाईलचं आहे. तुमचा फोटो ६००० पिक्सेल रुंद आणि इन्स्टा तो साधारण १०८० वर आणून दाखवतं, म्हणजे पाचपटीहून जास्त आकसतो, मग त्यात नॉईज (दाणेदारपणा) काय आणि हललेला हात काय, सगळं झाकून जातं. तपासणारे तीच फाईल १०० टक्के झूम करून बघतात, कारण विकत घेणारा उद्या त्यातला एक कोपरा कापून पोस्टर करेल नाहीतर अख्खा फोटो होर्डिंगवर लावेल. तुम्हीही अपलोड करायच्या आधी १०० टक्के झूमवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरकवत बघा, कंटाळवाणं आहे पण दुसरा उपाय नाही.

तुम्ही मूळ फाइली पाठवल्यात म्हणून नीट सांगता येतंय. हलशीच्या देवळात आतला अंधार, तुम्ही हातात कॅमेरा धरून आयएसओ (अंधारात फोटो उजळवायची सेटिंग) ६४०० ठेवला, तरी फोटो काळा आला म्हणून लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये शॅडो (काळोखे भाग) वर ओढल्या, आणि खरा घोळ इथं झालाय, कारण अंधाऱ्या भागातला नॉईज उजेड वाढवला की उठून दिसतो, त्यावर क्लॅरिटी आणि शार्पनिंग मारलं की तो अजून टोकदार होतो, मग तो घालवायला नॉईज रिडक्शन एवढं ओढलंय की खांबाच्या दगडावर मेण ओतल्यासारखं दिसालंय. हे पण रिजेक्टच होतं. देऊळ कुठं पळून जात नाही, जिथं परवानगी असेल तिथं ट्रायपॉड लावा, आयएसओ १००, दोन-तीन सेकंदाचा शटर, टायमरवर क्लिक, रॉ फाईल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली). एडिटिंगला काम उरतच नाही फारसं.

गोकाकच्या फोटोत पाणी रेशमासारखं आलंय, त्याला कुणी नावं ठेवत नाही, पण पाण्याबरोबर खडकपण हललाय. तो शार्पच पाहिजे. शटर स्लो मिळावा म्हणून तुम्ही लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून एफ/२२ वर गेलात, तिथं डिफ्रॅक्शनमुळं (बारीक छिद्रातून उजेड पसरतो त्यामुळं) अख्खा फोटोच थोडा मऊ होतो आणि सेन्सरवरची धूळ आभाळात काळे ठिपके म्हणून उठते. एफ/८ ते एफ/११ वर रहा आणि लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा, एवढा खर्च मात्र करा. डाव्या बाजूचा धूसर डाग फोकसचा नव्हे, लेन्सवर तुषार बसलेत. दर क्लिकनंतर पुसायचं. आणि एसी गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की आपल्या पावसाळ्यात काच आतबाहेरनं धुरकटते, थोडा वेळ बॅगेतच राहू द्या.

जांबोटीचा फोटो मला आवडला. त्यात पांढऱ्या आभाळासमोर फांद्यांच्या कडेला जांभळी-हिरवी किनार आहे, क्रोमॅटिक अॅबरेशन म्हणतात त्याला, लाइटरूममध्ये लेन्स करेक्शनच्या एका टिकमध्ये बहुतेक जातं. पण तुम्ही पाठवलेली एडिट केलेली फाईल बघितली तर ती व्हॉट्सअॅपवरून आलेली आणि मग ताणून मोठी केलेली! व्हॉट्सअॅप साधा फोटो आकसून दाबतं, शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या साइटना कमीत कमी ४ मेगापिक्सेल लागतात, म्हणून तुम्ही ताणला असणार. दोघांनाही ताणलेला फोटो चालत नाही, आणि ते चौकोनी चौकोनी तुकडे दिसालेत तेच आर्टिफॅक्ट्स. फाईल पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका, दरवेळी थोडी क्वालिटी जाते.

उलट लहान करायला हरकत नाही, आणि ही गोष्ट नवीन लोकांना कुणी सांगत नाही. थोडा नॉईज, थोडा मऊपणा असेल तर ६००० बाय ४००० चा फोटो ३००० बाय २००० करा, ६ मेगापिक्सेल राहतात, नियमात बसतात, आणि दोष बराचसा दबतो. फोकसच चुकला असेल तर मात्र तो फोटो सोडा. काही न बदलता तीच फाईल परत परत टाकू नका.

प्रश्न : मोबाईलचे फोटो चालतात का? (निपाणीहून)

उत्तर : चालतात, भर उजेडात काढलेले. डिजिटल झूम नको, ब्युटी फिल्टर नको. पोर्ट्रेट मोड वापरलात तर केसांची आणि चष्म्याची कड झूम करून बघा, मोबाईल तिथं हमखास चुकीचं कापतो.

प्रश्न : बेळगावच्या शिवजयंतीला चित्ररथांचे फोटो काढले, पण सगळ्यावर आडवे पट्टे आलेत. कॅमेरा बिघडला का?

उत्तर : नाही ओ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरला कळतं. मेकॅनिकल शटर लावा आणि १/५० किंवा १/१०० वर काढा. एलईडी स्क्रीनचं गणित वेगळं असतं, तिथं दोन-तीन स्पीड बदलून बघायचे. आणि त्या रथांवर स्पॉन्सरचे बॅनर आणि लोकांचे चेहरे स्पष्ट दिसालेत, ते फोटो एडिटोरियल (जाहिरातीसाठी नव्हे, बातमी-लेखासाठीचे) म्हणून घेणाऱ्या साइटलाच पाठवा, नाहीतर पट्टे घालवूनही परत येतील.