१० लाखांचं कर्ज काढून मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावं का?

तुझा प्रश्न असा: सीईटीला ८६ पर्सेंटाइल, घरी तीन एकर आणि दोन म्हशी. पुण्यातल्या खाजगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून, कॉम्प्युटर मिळतंय, राहणं-खाणं धरून वर्षाला २.५ लाख. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, जिल्ह्याच्या गावी ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) मिळेल, फी ९० हजार. वडील म्हणतात प्लॉट तारण ठेवू, पण कॉम्प्युटरच कर.

मी कॅपची सीट घे म्हणेन. का, ते आकड्यांत सांगतो.

आधी पुण्याचा हिशोब. चार वर्षांचे १० लाख, व्याज १० टक्के धरू. कोर्सची चार वर्षं आणि वरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. या पाच वर्षांत साधं व्याजच ३.५ लाख होतं. म्हणजे पहिला हप्ता भरशील तेव्हा डोक्यावर १३.५ लाख असतील. दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे १७,८४०. पंधरा वर्षांची मुदत घेतलीस तर १४,५००, पण मग बँकेला एकूण २६ लाख जातात.

आता पगार. कॅम्पसला येणाऱ्या मोठ्या आयटी कंपन्या फ्रेशरला बहुतेक वेळा ३.५ लाखांच्या आसपासचं पॅकेज देतात. हातात येतात साधारण २५ हजार. पुण्यात तिघांत खोली, मेस, बस, मोबाइल यांत १३ हजार जातातच. उरलेल्या १२ हजारांतून १७,८४० कसे भरणार? पगार पुढे वाढतो हे खरं, पण बँक तोवर थांबत नाही. मुलं अडकतात ती या पहिल्या दोन-तीन वर्षांतच.

मी अडकलो होतो, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय. २०१० मध्ये मेकॅनिकलला प्रवेश घेतला, ४ लाख कर्ज, १२ टक्के व्याज. पास झाल्यावर दहा महिने घरी बसलो, मग चाकणला १४ हजारांवर लागलो. हप्ता होता १०,०२७. तीन महिने कसाबसा भरला, मग थकला. मार्च २०१६ मध्ये वडील पीककर्जाचं नवं-जुनं करायला बँकेत गेले, तर साहेबांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. मुलाचं खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात गेलेलं, आणि कर्जाला सहकर्जदार म्हणून सही वडिलांची. तीस वर्षांत सोसायटीचा किंवा बँकेचा एक रुपया न थकवलेला माणूस त्या दिवशी बाकावर बसून मला फोन करत होता, "तुझं काय राहिलंय रं हितं?" आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मित्रांकडून हातउसने घेऊन थकबाकी भरली, पण त्या वर्षी बियाणं-खत उधारीवरच आणावं लागलं. कर्ज फिटलं २०२१ मध्ये. बेबाकी दाखला वडिलांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलाय.

शैक्षणिक कर्ज मुलाच्या नावावर दिसतं, पण हप्ते थकले की सिबिल, म्हणजे बँकेतली पत, बापाचंही बिघडतं. तुझ्या बाबतीत तर प्लॉटही जाईल, कारण ७.५ लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. त्याच्या आत राहिलास तर प्लॉटला हात लावायची वेळ सहसा येत नाही.

कॅपच्या सीटवर हे सगळं बदलतं. तुम्ही खुल्या प्रवर्गातले आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेव. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. फी, खोली, मेस मिळून वर्षाला १.२ लाख धर, म्हणजे चार वर्षांचे ४.८ लाख. व्याजासकट ६.४८ लाख, हप्ता सुमारे ८,५६०. उत्पन्न ४.५ लाखांच्या आत आणि कॉलेज नॅक किंवा एनबीए (दर्जा तपासणाऱ्या संस्था) मानांकित असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत त्या पाच वर्षांचं व्याज सरकार भरतं. मग हप्ता ६,३५० च्या आत येतो. तो २५ हजारांत भरता येतो.

आणि ईअँडटीसी म्हणजे आयटीचं दार बंद, असं मनात आणू नकोस. मोठ्या भरतीला येणाऱ्या या कंपन्या बहुतेक सगळ्या शाखांची मुलं घेतात. कोडिंग आणि ॲप्टिट्यूड चार वर्षं नेटाने केलंस तर त्याच ड्राइव्हला बसशील.

मात्र कॅपमधलं कुठलंही कॉलेज डोळे मिटून घेऊ नकोस. फलकावर 'हायेस्ट पॅकेज' म्हणून एका मुलाचा फोटो असतो, तो सोडून दे. एनआयआरएफ या केंद्राच्या कॉलेज क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं आपली माहिती वेबसाइटवर टाकतात. त्यात किती मुलं पास झाली, किती लागली आणि लागलेल्यांचा मीडियन पगार किती, हे छापलेलं असतं. मीडियन म्हणजे रांगेतल्या मधल्या मुलाचा पगार. तू तो मधला मुलगा आहेस असं धरून हप्ता मोज. कॉलेजने ती माहिती दिलीच नसेल, तर मागच्या बॅचच्या चार-पाच मुलांना गाठून थेट हातातला पगार विचार.

अनुदान मिळालं नाही, तर अजून एक कर. पहिल्या वर्षी व्याज महिन्याला जेमतेम १,००० होतं, चौथ्या वर्षी ४,०००. दुधाच्या पगारातून जमेल तसं ते भरत गेलात तर कर्ज ४.८ लाखांवरच थांबतं. शिकत असताना व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात १ टक्का सूटही देतात.

बँकेत वडिलांना एकट्याला पाठवू नकोस. तू सोबत जा, मंजुरीपत्र मराठीत समजावून सांग, आणि सही करण्याआधी दोघांनी मिळून हप्त्याचा आकडा वहीत लिहा.